एकवीस अक्षरं

ऑक्टोबरात बोद्रोग नदी पहाटे धुकं सोडते.
ते उतारावरून वर चढतं, ओल्या लोकरीसारखं,
फुरमिंटच्या वेलींत दुपारपर्यंत रेंगाळतं.
धुक्यामागून बुरशी येते.
सालीवर राखाडी लव,
बोट लावलं तर धूर.

मी टेकडीपलीकडे प्रयोगशाळेत नोकरी करते.
दुसऱ्यांची पत्रं चोरून वाचायचा पगार घेते.

पत्रंच ती.
जिच्या बाराखडीत चारच अक्षरं, अशा भाषेतली
एकवीस अक्षरांची चिठ्ठी,
कधी बावीस, कधी चोवीस, फार लांब नाहीच.
तेवढ्यात एवढंच मावतं :
तुझ्या घरातलं अमुक एक वाक्य
उच्चारू नकोस.
शिवी नाही, शाप नाही,
विष तर नाहीच नाही.

आधी बुरशी पाठवते.
तिची चिठ्ठी वेलीच्या पेशीत शिरते
आणि थेट वेलीच्याच कारकुनाच्या हाती पडते.
तो बिचारा प्रथिनाचा जीव,
कागद आला की अंमल करतो,
खाली सही कुणाची, बघत नाही.
पहारेकरी गप्प होतात
घरच्याच शिक्क्याने.

पण वेल काही दूधखुळी नाही.
डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या बुडबुड्यांत
ती आपल्या चिठ्ठ्या बांधते
आणि भिंतीबाहेर सोडून देते.
बुरशी भुकेली. समोर येईल ते गिळते.
गिळते, आणि आपले दात कुठे ठेवले
ते विसरते.
चोरावर मोर.

हे सगळं कानोकान खबर न लागता,
एका पानावर, मी डबा खात असताना.

सप्टेंबरात केलेमेनबाई म्हणाल्या, आता आपण लिहू.
आम्ही बुरशीचंच एक वाक्य निवडलं,
दुहेरी धाग्यात विणलं, पाण्यात कालवलं,
तेरा वेलींवर फवारलं.
नवव्या दिवशी अकरा स्वच्छ.
दहाव्या दिवशी जोराची सर आली
आणि आमची सगळी अक्षरं
मातीत उतरून गेली.
बाई हसल्या. मी नाही.

उरलेली बाटली घेऊन घरी आले
तेव्हा बाबा वरच्या मळ्यात होते,
पाठीवर लाकडी पुट्टोनी,
एकेक सुकलेला मणी निवडून टाकत.
बुरशीने साल भोकं पाडून सैल केलेली,
पाणी उडून गेलेलं, आत फक्त गोडी.
ज्या बुरशीला आम्ही गप्प करतो
तिची हा माणूस वर्षभर वाट बघतो,
सोयरीक ठरलेल्या घरासारखी.

'काय आहे त्यात?'
'पत्र.'
'कुणाला?'
मी धुक्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी एक मणी माझ्या तोंडात घातला.
जर्दाळू, मध, जुन्या दोरखंडाचा वास,
आणि तळाशी काहीतरी कडवट,
ज्याचं नाव मला प्रयोगशाळेत माहीत आहे
आणि जिभेवर नाही.
या एवढ्याशा सुरकुतीत
कुणाची चिठ्ठी पोचली, कुणाची नाही,
कोण जिंकलं,
विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

बाबा बराच वेळ बाटली हलवून बघत राहिले.
मग म्हणाले,
'नदीकाठी ऊनच पोचत नाही.
तिथे ती गोड करत नाही, नुसतं कुजवते.
तिथे मार.'
'आणि इथे?'
त्यांनी पुट्टोनीचा पट्टा खांद्यावर नीट केला.
'इथे तिला बोलू दे.
दुपारी वारा सुटला तर
ती शहाण्यासारखं बोलते.'

संध्याकाळी मी वही काढली.
खालचा मळा : फवारणी, तारीख, वेळ, माझी सही.
वरचा मळा :

वाऱ्याने खिडकी आपटली.
रकाना तसाच ठेवून
मी दिवा मालवला.